धाकटीनं आधी गिळायचं

दोन बोटं गळ्यावर ठेवा आणि नुसती थुंकी गिळून बघा. कंठमणी वर उचलला जातो, क्षणभर थांबतो आणि खाली येतो. तेवढ्यात जीभ टाळूला टेकते, श्वास थांबतो, श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. पंचवीस-तीस स्नायू एकापाठोपाठ एक ओढले जातात आणि सगळा कारभार सेकंदाभरात आटोपतो. जन्मल्यापासून दिवसातून शेकडो वेळा आपण हे करतो, पण कसं करता म्हणून कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. मलाही सांगता आलं नसतं. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी मी ते शिकले, ते माझ्या थोरल्या जावेसाठी.

महानंदाअक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. दोघींचे नवरे जाऊन बरीच वर्षं झाली. अक्कांचा मुलगा चन्नवीर, त्याची बायको आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या अशी चौघं जुळे सोलापुरात सातव्या मजल्यावर राहतो. २०४४च्या मार्गशीर्षात अक्का गॅलरीत वाळत घातलेल्या मिरच्या हलवायला गेल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. चार दिवसांत उभं करू, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी छातीत कफ भरला, घशात नळी घालून त्यांना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं, आणि त्यातून सुटून घरी यायला तीन आठवडे गेले.

घरी आणलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघत राहिले. एका बैठकीत तीस-चाळीस भाकरी थापणारे ते हात चादरीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखे पडले होते. हाड जुळलं होतं, मांस गेलं होतं. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं. तरुणाचे भरून येतात, म्हाताऱ्याचे येत नाहीत. हे मला तहसीननं सांगितलं. तहसीन शेख ही गिळण्याचे व्यायाम करून घ्यायला घरी येणारी मुलगी. तिशीची, बोलायला मऊ, कामाला कडक.

"मांडी बारीक झालेली डोळ्याला दिसते, आजी," ती म्हणाली. "घसा बारीक झालेला दिसत नाही. पण तोही स्नायूच आहे."

अक्कांच्या घशात झाकण वेळेवर पडत नव्हतं. पाण्याचा चमचा दिला तर निम्मं पाणी फुफ्फुसात उतरत होतं आणि ठसकाही लागत नव्हता. ठसका लागायलासुद्धा जोर लागतो. म्हणून नाकातून नळी होती आणि त्या नळीतून दिवसाला सहा वेळा बदामी रंगाचं पाणी पोटात सोडायचं. नाकातली नळी फार तर आणखी सहा आठवडे ठेवता येणार होती. तेवढ्यात अक्का स्वतः गिळायला लागल्या तर बरं, नाहीतर पोटाला भोक पाडून नळी कायमची. त्या वयात ती पुन्हा निघत नाही.

अक्कांनी हे ऐकलं आणि चन्नवीरला जवळ बोलावलं. आवाज फाटक्या कापडासारखा झाला होता. पोटाला भोक पाडलंत तर मी तुमच्या घरातलं माणूस राहणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या लेखी जेवतं ते माणूस. जे जेवत नाही त्याला पाणी घालतात.

त्यावर तहसीननं जोडपट्ट्याचं नाव काढलं.

जोडपट्टा म्हणजे गळ्याला लावायचे दोन मऊ पट्टे. एक धडधाकट माणसानं लावायचा, एक आजारी माणसानं. दोघांनी एकाच वेळी सारखा घास तोंडात घ्यायचा. धडधाकट माणसानं गिळलं की त्याचा पट्टा कुठला स्नायू कधी आणि किती ओढला गेला ते टिपतो, आणि त्याच क्रमानं दुसरा पट्टा आजारी माणसाच्या स्नायूंना बारीक विजेचे टोले देतो. पहिल्यानं गिळलं की डोळ्याची पापणी लवायच्या आत दुसऱ्याकडून गिळलं जातं. असं रोज तीनदा करत गेलं की वाळलेले स्नायू कामाला लागतात, भरतात, आणि पाच-सहा आठवड्यांत पट्ट्याशिवाय चालू होतात. मध्ये चार-पाच दिवसांचा खंड पडला तर मात्र कमावलेलं सगळं जातं.

एखाद्या पहिलवानाचं गिळणं एकदाच भरून ठेवून सगळ्यांना का देत नाही, असं चन्नवीरनं विचारलं. तहसीन म्हणाली, ते करून झालं, लोक गुदमरले. प्रत्येक घास वेगळा असतो आणि गिळण्याची रीत माणूस आपल्या ताटावर शिकतो. जन्मभर एका चुलीचं खाल्लेलं, वयानं जवळचं आणि समोर बसलेलं माणूसच लागतं.

पहिली तपासणी चन्नवीरची झाली. यंत्रानं त्याला नापास केलं. त्याला घास तोंडात ठेवून बोलायची सवय आहे. लहानपणी मीच भरवायची त्याला आणि सांगून थकले होते. मग पट्टा माझ्या गळ्यात आला. मी तीन घोट पाणी आणि दोन चमचे पेज गिळली. तहसीननं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुन्हा गिळायला लावलं.

"आजी, तुम्ही कुठं होता इतके दिवस?" ती म्हणाली.

इथंच होते. साठ वर्षं.

*

तीन दिवस काही जमलं नाही.

अक्का पाठीला उशा लावून खुर्चीत, मी समोर. दोघींच्या गळ्यात पट्टे, मधल्या टेबलावर तांदळाच्या घट्ट पेजेच्या दोन वाट्या. तहसीन खूण करायची, दोघी चमचा तोंडात घ्यायचो. आणि मग काहीच व्हायचं नाही. अक्का वाट बघत. मी बसलेली. पट्ट्यावरचा दिवा पिवळाच. शेवटी अक्का न राहवून स्वतः गिळायला बघायच्या, पेज भलतीकडं जायची आणि तहसीन धावत जाऊन नळीनं ती ओढून काढायची.

तहसीननं पट्टे बदलले. मग पडदा बदलला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन तारा तपासून गेला. दुसऱ्या खोलीत मला एकटीला बसवलं की माझं गिळणं सरळ चालायचं. अक्कांसमोर आणून बसवलं की बंद. यंत्रात दोष आहे असं चन्नवीर म्हणत होता. घरातली एवढी शिकलेली माणसं आणि ती मुलगी, कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तोंडात पेज धरून बसले असताना मी सहज स्वतःकडे बघितलं. माझी नजर अक्कांच्या तोंडावर होती. मी वाट बघत होते.

आमच्या घरात थोरलीनं पहिला घास गिळल्याशिवाय धाकटीनं गिळायचा नाही, अशी रीत होती. मी एकोणीस वर्षांची लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, स्वयंपाकघर अक्कांचं होतं. घरातले पुरुष जेवून उठले की आम्ही दोघी बसायचो. अक्का हात धुवायच्या, पाटावर टेकायच्या, घास मोडायच्या, चावायच्या. त्या चावत सावकाश. माझा घास तोंडात तयार असायचा आणि डोळे त्यांच्या गळ्यावर. तो हलला की मी गिळायची. कुणी शिकवलं नव्हतं, पहिल्याच दिवशी एका नजरेत कळलं होतं. पुढं टेबल आलं, गॅस आला, घर बदललं, आम्ही दोघी विधवा झालो, सून आली. माझ्या गळ्याला कुणी सांगितलं नव्हतं की ते दिवस गेले.

मी तहसीनला हे सांगितलं. तिला आधी चेष्टा वाटली. मग तिनं मागची नोंद काढून बघितली. तीन दिवसांत अक्कांच्या आधी मी एकदाही गिळलं नव्हतं.

डोळे मिटून बघितलं, पाठ करून बसून बघितलं. अक्का मागं आहेत एवढं कळलं तरी गळा हलत नव्हता. अक्का सगळं ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी आलं. लाज नव्हती ती, एखाद्याचं जुनं मापटं अडगळीत सापडावं तसं काहीतरी.

"जगदेवी," त्या म्हणाल्या, "गिळ तू. आधी गिळ."

हुकूमच होता तो. आवाज फाटका, पण सूर तोच, 'पाणी आण' म्हणायचा. आणि माझा गळा हलला. दिवा हिरवा झाला, अक्कांचा कंठमणी वर गेला, थांबला, खाली आला. तहसीननं त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. फुफ्फुसं कोरडी होती. चन्नवीरनं माझे पाय धरले.

साठ वर्षांनी मी थोरलीच्या आधी घास गिळला, तोही तिची आज्ञा झाली म्हणून.

*

त्यानंतरचे दिवस भराभर गेले. पेज झाली, मऊ भात झाला, मुगाचं वरण झालं. अक्कांच्या गालांवर रंग यायला लागला. रोज तहसीन पडद्यावरच्या रेघा दाखवायची. माझी रेघ वर, अक्कांची तिच्याखाली, गाईमागून वासरू चालावं तशी.

एकदा ती म्हणाली की असं गिळणं तिनं पुस्तकात वाचलं होतं, माणसात बघितलं नव्हतं. माझा श्वास घास निघायच्या जरा आधीच पूर्ण थांबतो. जीभ घासाला एका फटक्यात मागं टाकते. घशात कण उरत नाही आणि आवाज तर होतच नाही. श्वास असा अडवून गिळायला ती रोग्यांना महिनोन्‌महिने शिकवते आणि त्यांना ते जमत नाही. "कुठं शिकलात हो, आजी?"

सवय असेल, मी म्हणाले. अक्का माझ्याकडे बघत होत्या.

सवय होती खरी. अक्का मला दोन भाकरी द्यायच्या. त्या काळी मी पहाटे चारला उठून पाणी भरत होते, अकरा माणसांची धुणी धूत होते. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की पोटात खड्डा पडायचा. फळीवर भाकरीची बुट्टी असायची, फडकं झाकलेली. अक्का दुपारी पाठ टेकायच्या ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीच. मी बुट्टीत हात घालून तळाची भाकरी काढायची, निम्मी तोंडात कोंबायची आणि श्वास धरून गिळायची. चावलं तर आवाज होतो. ज्वारीची भाकरी न चावता, आवाज न करता, ठसका न लागू देता गिळायला काय करावं लागतं ते माझ्या गळ्याला माहीत आहे. तरी त्या दिवसांची मला आठवण येते, हेही खरं. भाजलेल्या शेंगांचा वास, मागच्या गल्लीत मागांचा खटखटाट, ओल्या चादरींनी भरलेली दोरी. भूक होती, पण वय एकोणीस होतं.

उपाशी राहिल्यामुळे माझा गळा जिल्ह्यात पहिला आला, आणि ज्यांनी उपाशी ठेवलं त्याच आता त्या गळ्यावर जेवत होत्या. मला याचं हसू यायचं. नंतर नंतर हसू येईना.

सोळाव्या की सतराव्या दिवशीची गोष्ट. दुपारी हुग्गी केली होती. गव्हाची खीर, अक्कांच्या आवडीची. तहसीन फोनवर बोलायला बाहेर गेली होती. अक्कांच्या तोंडात चमचा दिला, माझ्याही तोंडात होता. मी तो पदराआड वाटीत काढून टाकला आणि गॅस बघायला उठले. गॅस बंदच होता. मी ओटा पुसला. दुधाचं भांडं विसळलं. खिडकीतून खाली बघत उभी राहिले. अक्कांना सक्त ताकीद होती की स्वतः गिळायचं नाही. थुंकावं तर पुढ्यात हुग्गी, दीड महिन्यानं मिळालेली.

परत आले तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या, ओठ मिटून, डोळे माझ्या गळ्यावर. ओठांच्या कोपऱ्यातून गोड ओघळ आला होता. मी समोर बसले, चमचा घेतला, आणखी थोडं थांबले, मग गिळलं.

त्यांनी पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तसंच केलं. त्या दिवशीही त्यांनी तोंड उघडलं.

*

एकतिसाव्या दिवशी भाकरी दिली.

तहसीन म्हणाली होती की भाकरी गेली की झालं. आणखी आठवडाभर सराव केला की पट्टे काढू, नळी काढू. मी पातळ भाकरी करून ती येसर आमटीत कुस्करली. त्या दिवशी तहसीनला उशीर होणार होता. तिनं फोनवर बघून सुरू करायला सांगितलं आणि पाच घास झाल्यावर शाबासकी देऊन फोन ठेवला. घरात आम्ही दोघीच होतो.

सहावा घास थोडा कोरडा होता. ज्वारीचा तो खरखरीतपणा टाळूला लागला आणि माझा श्वास आपोआप अडला. जिभेनं फटका मारला. घास गेला, आवाज झाला नाही. समोर अक्कांच्या गळ्यातून तसाच गेला. त्यांनी हात गळ्याला लावला.

"हीच ना ती?" त्या म्हणाल्या.

मी कोणती म्हणून विचारलं.

"बुट्टीतली. फडक्याखालची."

साठ वर्षांनीसुद्धा माझे कान तापले. "तुम्हाला माहीत होतं?"

"मीच ठेवत होते की. रोज एक, तळाला."

मी ती भाकरी चोरली असं जन्मभर धरून चालले होते. त्यावर एकादश्या केल्या होत्या. मी विचारलं की मग हातात का नाही दिलीत.

"हातात दिली की हक्क होतो, बाई. उद्या दोन मागितल्या असत्यास."

याचं मला वाईट वाटलं नाही. अक्कांच्या असल्या उत्तरांची सवय होती; उलट बरंच वाटलं, की कुणीतरी माझी भूक बघितली होती. तिथं थांबले असते तर आज अक्का भाकरी खात असत्या. पण माझी आठवण थांबणारी नाही.

"माझ्या सातव्या महिन्यात बुट्टी रिकामी असायची," मी म्हणाले. "सातव्या आणि आठव्या. पूर्ण दोन महिने."

 तोंडात घास नव्हता, तरी अक्का सावकाश चावत राहिल्या.

"तेव्हा ठेवली नाही."

"का?"

"माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली होती, जगदेवी. घरात पहिला पाळणा तुझा हलणार होता." त्यांनी टेबलावरचा कण बोटानं टिपला. "पोर जावं असं नव्हतं मनात. तू जरा वाळावीस, एवढंच."

माझी मुलगी आठव्या महिन्यात झाली. पावणेदोन किलोंची. नऊ दिवस होती. तिला ओढायला येत नव्हतं. वातीनं दूध सोडलं तर गालातच राहायचं. डॉक्टरांनी कागदावर कमी वजन लिहिलं, आणखी काही लिहिलं नाही. त्यानंतर मला मूल झालं नाही. दोन वर्षांनी चन्नवीर झाला आणि अक्कांच्या अंगावर दूध कमी म्हणून मी त्याला वाटीचमच्यानं वाढवला.

आता का सांगताय, असं मी विचारलं.

"तुझा गळा महिनाभर माझ्या गळ्यात आहे," अक्का म्हणाल्या. "तू किती भ्यायचीस ते मला रोज तीनदा कळतंय. लपवू कुठं?"

मी पट्टा काढला, दोन्ही वाट्या उचलल्या आणि घासून पालथ्या घातल्या. दिवेलागणीला मी स्वयंपाकघरात एकटी जेवायला बसले. भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घेतला आणि चावला. तीस वेळा चावला. दाढेखाली ज्वारीचा आवाज होत होता, तो मी ऐकला. मग सावकाश गिळला. श्वास आला गेला, त्याला कुणी अडवलं नाही. एका भाकरीला मला पाऊण तास लागला. ती गोड असते, हे मला माहीत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दिवा पिवळा.

मी सावकाश चावून, मोकळ्या श्वासानं गिळत होते. कुणाही म्हातारीनं गिळावं तसं. माझ्यापुरतं ते ठीक होतं. अक्कांच्या घशाला पुरत नव्हतं. झाकण उशिरा पडायचं. तिसऱ्या दिवशी त्यांना बारीक ताप आला. तहसीननं भात, मग पेज, मग पाणी, असं उलटं जाऊन बघितलं. रेघा दाखवून ती मला समजावू लागली की इथं श्वास आधी थांबायचा तुमचा, आता थांबत नाही. काय झालंय? घसा दुखतोय का? झोप झाली नाही का? मी म्हणाले, तसं येत नाही आता.

चौथ्या दिवशी चन्नवीर माझ्या खोलीत आला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, लहान मुलासारखा दाराला धरून उभा राहिला. "काकू," तो म्हणाला, "अव्वाला भोक पाडतील गं." मी त्याच्याकडे बघितलं. माझी असती तर याच्याहून दोन वर्षांनी मोठी असती. याच्यासारखीच रुंद कपाळाची. मी त्याला सांगितलं की प्रयत्न करते.

पाचव्या दिवशी शेवटचा प्रयत्न होता. तहसीननं घरून येताना घट्ट पेज करून आणली होती. चन्नवीर आणि त्याची बायको मागं उभी. मी पट्टा बांधला, चमचा तोंडात घेतला. अक्का समोर होत्या, ताप उतरलेला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. आणि खरं सांगायचं तर तो जुना घोट तिथंच होता. तो कुठं जाणार? जीभ वळली. श्वास थांबायला निघाला. एक क्षण सगळं तयार होतं, अक्कांच्या गळ्याची शीर हललेली मला दिसली. मी नाकानं श्वास घेतला आणि त्याला थांबू दिलं नाही. पेज चावली. पेज चावायची नसते. सावकाश गिळली.

पडद्यावर काहीच दिसलं नाही. तेवढ्या बारीक हालचालीला यंत्र हालचाल म्हणत नाही.

आठवड्यानं अक्कांच्या पोटाला भोक पाडलं. नाकातली नळी निघाली. बदामी पाणी आता सरळ आत जातं. तब्येत बरी आहे; डॉक्टर म्हणतात अशी माणसं पाच-सात वर्षं सहज काढतात. चन्नवीरनं मला एकदा सुचवलं की काकू, तू आत जेवत जा, अव्वा बघत बसते. मी म्हणाले, या घरात मी फार वर्षं आत जेवले.

तहसीन पट्टे न्यायला आली ती दुपारी. कुर्डुवाडीला एका रोग्याला त्यांची गरज होती. पेटी बंद करून ती घोटाळत उभी राहिली आणि म्हणाली, आजी, राग मानू नका, एक विचारते. तुम्ही मुद्दाम केलं का?

"पोरी," मी म्हणाले, "गिळणं असं ठरवून करता येत असतं, तर तुझ्या यंत्राची गरज कुणाला पडली असती?"

तिला ते पटलं. शरमली, माफी मागितली, माझे हात हातात घेतले. जाताना अक्कांच्या पायाला हात लावून गेली. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला.

"खोटं बोललीस," अक्का म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

जेवायची वेळ झाली होती. मी ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसले.